फ्लुओक्सेटिनचा इतिहास: एक रेणू आणि बदलत गेलेले पाच प्रश्न

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरचा फोन आला. ‘दादा, फ्लुओक्सेटिनवर सिनॉप्सिस लिहावं म्हणतो, पण सगळे म्हणतात की त्यावर सगळं होऊन गेलंय. आता उरलंय काय?’

प्रश्न रास्त आहे. १९७४ पासून या एका रेणूवर हजारो पेपर निघाले आहेत. पण ‘सगळं होऊन गेलंय’ असं आपल्याला वाटतं ते बहुतेक वेळा आपण पेपर मोजतो म्हणून. त्या पेपरांनी कोणता प्रश्न विचारला होता ते पाहत नाही. म्हणून आज फ्लुओक्सेटिनचा इतिहास प्रश्नांच्या क्रमानं सांगतो. माझ्या मते असे पाच प्रश्न आहेत, आणि पाचवा आपल्या यवतमाळच्या दारात येऊन थांबलाय.

आधी एक साल लक्षात ठेवा, १९८६. त्या वर्षी फ्लुओक्सेटिन जगात पहिल्यांदा बाजारात आलं, बेल्जियममध्ये. आणि त्याच वर्षी १९ मार्चला यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती घटना ओळखली जाते. आजही १९ मार्चला ठिकठिकाणी लोक त्यांच्या आठवणीत अन्नत्याग करतात.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. शेतकरी आत्महत्या म्हणजे नैराश्याचा आजार, असं समीकरण मांडणं चूक आहे. त्यात कर्ज आहे, कापसाचा भाव आहे, पाऊस आहे, वीजबिल आहे. पण नैराश्य त्यात कुठेच नाही असं म्हणणंही तितकंच चूक. मी औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी आणि गाव याच जिल्ह्यातलं, त्यामुळे ही दोन टोकं माझ्या डोक्यात कायम शेजारी शेजारी असतात.

पहिला प्रश्न: रसायनानं मन बदलतं का?

हा प्रश्न मुळात कुणी ठरवून विचारलाच नव्हता, आणि त्याचा एक धागा मुंबईतून जातो. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक पेपर छापला. विषय होता सर्पगंधा आणि उच्च रक्तदाब. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे त्यांनी रुग्णांच्या नोंदींसह मांडलं आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं केलं.

पुढे रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, अशा नोंदी येऊ लागल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या गटानं दाखवलं की रेसर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. म्हणजे सेरोटोनिन कमी आणि मन उदास, असा एक दुवा दिसला.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात उलटी गोष्ट घडली. १९५२ मध्ये तिथे क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिलं जात होतं. फुप्फुसांचं जे व्हायचं ते होत होतं, पण रुग्णांना तरतरी येऊ लागली, भूक लागू लागली. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर अडवतं, म्हणजे सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन मोडण्याचं काम थांबवतं. १९५७ मध्ये रोलंड कून यांनी इमिप्रॅमिनचे निष्कर्ष मांडले. मुळात ते औषध स्किझोफ्रेनियासाठी तपासलं जात होतं. त्यावर त्याचा उपयोग झाला नाही, नैराश्यावर झाला.

बघा, रक्तदाब, क्षयरोग आणि स्किझोफ्रेनिया अशा तीन वेगळ्या आजारांवर काम चाललं होतं आणि त्यातून नैराश्याचं रसायनशास्त्र उभं राहिलं. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनॅलिनवर भर देणारी मांडणी केली. ब्रिटनमध्ये ॲलेक कॉपन सेरोटोनिनकडे बोट दाखवत होते.

दुसरा प्रश्न: फक्त सेरोटोनिनलाच हात लावणारा रेणू बनवता येईल का?

इमिप्रॅमिनसारखी जुनी औषधं काम करायची, पण अनेक दारं एकदम ठोठवायची. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, आणि जास्त मात्रा पोटात गेली तर हृदयाला धोका. म्हणून एली लिली कंपनीत रसायनशास्त्रज्ञ ब्रायन मोलॉय, औषधशास्त्रज्ञ रे फुलर आणि जैवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वाँग यांनी निवडक काम करणाऱ्या रेणूचा शोध सुरू केला. सुरुवात केली ती डायफेनहायड्रामिन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाच्या सांगाड्यापासून.

हा भाग रसायनवाल्यांनी कागद-पेन घेऊन वाचावा. तीन कार्बनची साखळी काढा. तिच्या एका टोकाला मिथाइल अमाइन. दुसऱ्या टोकाच्या कार्बनवर एक फिनाइल वलय आणि ऑक्सिजनमार्फत जोडलेलं आणखी एक वलय. या दुसऱ्या वलयावर ऑर्थो जागी मेथॉक्सी गट बसवला की नायसोक्सेटिन मिळतं, आणि ते नॉरॲड्रेनॅलिनचं पुनर्ग्रहण अडवतं. तो गट काढून पॅरा जागी ट्रायफ्लुओरोमिथाइल गट बसवला की मिळतं फ्लुओक्सेटिन, आणि त्याचा कल सेरोटोनिनकडे जातो. सांगाडा तोच. एका गटाची जात आणि जागा बदलली आणि रेणूनं दार बदललं. ‘संरचना आणि कार्य यांचा संबंध’ हे व्हायवात घोकून सांगण्यापेक्षा हे एक उदाहरण नीट समजून घ्या.

१९७२ च्या जुलैमध्ये उंदरांच्या मेंदूतून वेगळ्या केलेल्या चेतातंतूंच्या टोकांवर या मालिकेतल्या रेणूंची चाचणी झाली आणि हा रेणू उठून दिसला. सुरुवातीचा क्षार ऑक्झलेट होता. पुढे पाण्यात जास्त चांगला विरघळणारा हायड्रोक्लोराइड क्षार वापरात आला. त्याचा सांकेतिक क्रमांक एलवाय ११०१४०. १९७४ मध्ये ‘लाइफ सायन्सेस’मध्ये पेपर आला. अमेरिकेची मंजुरी मिळाली २९ डिसेंबर १९८७ ला, म्हणजे चाचणीच्या टेबलापासून तिथल्या औषधाच्या दुकानापर्यंत पंधरा वर्षं.

एक चूक मात्र लिटरेचर रिव्ह्यूमध्ये करू नका. ‘फ्लुओक्सेटिन हे पहिलं एसएसआरआय’ असं सर्रास लिहिलेलं आढळतं. बाजारात आलेलं पहिलं औषध होतं झिमेलिडिन, स्वीडनमधल्या आर्विड कार्लसन यांच्या कामातून आलेलं. १९८२ मध्ये ते विक्रीला आलं आणि मज्जातंतूंच्या गंभीर दुष्परिणामामुळे १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. फ्लुओक्सेटिन पहिलं नव्हतं, ते टिकलं.

तिसरा प्रश्न: खरंच उपयोग होतो का?

हा प्रश्न विचारायचा म्हणजे छापलेल्या पेपरांवरही संशय घ्यावा लागतो. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदवलेले १२ नैराश्यविरोधी औषधांचे ७४ अभ्यास काढले आणि त्यातले किती छापून आले ते तपासलं. नियामकाच्या दृष्टीनं ३८ अभ्यास सकारात्मक होते, त्यातले ३७ छापले गेले. उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच नाहीत आणि ११ अशा तऱ्हेनं छापले की निकाल सकारात्मक वाटावा. फक्त ३ सरळपणे नकारात्मक म्हणून आले. म्हणजे जर्नल वाचणाऱ्याला ९४ टक्के यश दिसलं, प्रत्यक्षात ते ५१ टक्के होतं.

मग औषध खोटं आहे का? नाही. २०१८ मध्ये अँड्रिया चिप्रियानी यांच्या गटानं ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली. छापलेली मिळाली ती घेतली आणि न छापलेलीही शोधली. तपासलेली सगळी २१ औषधं मोठ्या माणसांमध्ये प्लासिबोपेक्षा सरस ठरली, पण फरक माफक. फ्लुओक्सेटिन परिणामात सगळ्यांत वरचं नव्हतं. मात्र एक गोष्ट ठळक होती: प्लासिबोपेक्षाही कमी लोकांनी अर्ध्यावर सोडलेली औषधं फक्त दोन होती, ॲगोमेलॅटिन आणि फ्लुओक्सेटिन. हे ‘अर्ध्यावर सोडणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ मध्ये जोआना मोनक्रिफ यांच्या गटाच्या आढाव्यानं सांगितलं की ‘सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं’ याला सातत्यपूर्ण पुरावा नाही. त्यावर बराच गदारोळ झाला. संशोधक म्हणून इथे दोन वाक्यं वेगळी ठेवायला शिकलं पाहिजे. ‘औषधानं फरक पडतो’ हे एक, आणि ‘आजार याच कारणानं होतो’ हे दुसरं. पॅरासिटामॉलनं डोकं थांबतं म्हणून डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या कमतरतेनं होत नाही.

इथे माझी एक चूक

आमच्या गावातल्या एका काकांना डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिनची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली होती. सलग दोन वर्षं पऱ्हाटी हातची गेलेली, झोप नाही, वावरात पाय ठेवत नव्हते. मी तेव्हा एम.फार्म.ला. काकूंनी विचारलं, ‘कधी गुण येईल रे?’ मी मनात गणित केलं. हाफ-लाइफ साधारण दोन दिवस, चार हाफ-लाइफमध्ये रक्तातली पातळी जवळपास स्थिर होते, म्हणजे आठ दिवस. ‘आठवड्यात फरक दिसंल काकू,’ मी छातीठोकपणे सांगितलं.

दहाव्या दिवशी काकांनी कॅप्सूल बंद केली. ‘दहा दिवस झाले बाप्पा, काईच फरक पडून नाई रायला. उलट मळमळते.’

माझ्या गणितात दोन चुका होत्या. पहिली, मी फक्त मूळ रेणू मोजला. फ्लुओक्सेटिनचं यकृतात नॉरफ्लुओक्सेटिन होतं, तेही काम करतं, आणि त्याची हाफ-लाइफ ४ ते १६ दिवस असते. रोज औषध घेत राहिलं की मूळ रेणूचीही ४ ते ६ दिवसांवर जाते, कारण त्याला मोडणारं सीवायपी २डी६ हे विकर तो स्वतःच अडवतो. त्यामुळे पातळी स्थिर व्हायला ४ ते ५ आठवडे लागतात. यापायीच एखाद-दुसरा दिवस गोळी चुकली तरी फार बिघडत नाही. पण यापायीच मोनोअमाइन ऑक्सिडेज अडवणारं औषध द्यायचं असेल तर फ्लुओक्सेटिन थांबवून ५ आठवडे वाट पाहावी लागते.

दुसरी चूक मोठी. रक्तातली पातळी म्हणजे आराम नव्हे. सर्ट्रालिनची हाफ-लाइफ सुमारे एक दिवस आहे, त्याची पातळी आठवड्यात स्थिर होते. तरी गुण यायला तिथेही काही आठवडे लागतातच. सेरोटोनिनचं पुनर्ग्रहण तर पहिल्या काही तासांतच अडतं. मधल्या काळात चेतापेशी स्वतःला जुळवून घेत असाव्यात. त्यांच्यावरचे ५-एचटी१ए स्वग्राहक हळूहळू मंदावतात, हे त्याचं एक स्पष्टीकरण आहे, पण अखेरचा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही. मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. हे रुग्णाला आधी सांगितलं नाही तर तो दहाव्या दिवशी औषध सोडणारच. पंचवीसच्या आतल्या रुग्णांवर तर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी आणि डॉक्टरांनी जास्तच लक्ष ठेवायचं असतं. अमेरिकेच्या नियामकानं २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशाराच घालायला लावला.

चौथा प्रश्न: आपल्या साध्या दवाखान्यात हे जमेल का?

हा प्रश्न गोव्यात विचारला गेला. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या कामाभोवती तिथे एकामागून एक चाचण्या झाल्या. औषध स्वस्त मिळत होतं, त्याला कारण आपला १९७० चा पेटंट कायदा. त्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं. म्हणून दुसऱ्या पद्धतीनं फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या देशी कंपन्या उभ्या राहू शकल्या. अमेरिकेत जेनेरिक यायला २००१ उजाडलं.

२००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पहिली मोठी चाचणी आली. गोव्यातल्या सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागांतले ४५० रुग्ण, तीन गट: फ्लुओक्सेटिन, प्लासिबो आणि मानसोपचार. दोन महिन्यांनी औषधाचा गट प्लासिबोपेक्षा सरस होता. मानसोपचाराचा गट मात्र नव्हता.

कुणी म्हटलं असतं, झालं, समुपदेशन निरुपयोगी, गोळी वाटा. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा मांडला: समुपदेशन चुकलं, की ते देण्याची तऱ्हा चुकली? २०१० मध्ये ‘मानस’ चाचणी आली. २४ दवाखाने, २,७९६ रुग्ण. इथे डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी संपर्क ठेवला आणि गरज असेल त्याला औषध दिलं गेलं. सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, तेही त्यांनी तसंच लिहिलं. २०१७ मध्ये आणखी पुढचं पाऊल पडलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर स्थानिक समुपदेशकांचा छोटा उपचारक्रम तपासला गेला. तीन महिन्यांनी लक्षणमुक्त झाले ६४ टक्के, तुलनेच्या गटात ३९ टक्के. २००३ मध्ये नापास झालेली कल्पना चौदा वर्षांनी, रूप बदलून, पास झाली.

पाचवा प्रश्न: पोहोचतं का, आणि टिकतं का?

आता गोव्यातून विदर्भात या. गोव्याच्या चाचण्यांत रुग्ण दवाखान्यापर्यंत आलेला होता. आपल्याकडे तो येतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे तो आकडा उचलून थेट यवतमाळला चिकटवता येत नाही. सिनॉप्सिसमध्ये आकडा टाकण्याआधी तो कुठल्या मातीतला आहे ते बघायची सवय लावा.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मात्र ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरजेपुरते मानसोपचारतज्ज्ञ अशी रचना होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. नैराश्य असलेल्यांपैकी सुरुवातीला ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते. अठरा महिन्यांनंतरच्या सर्वेक्षणात २७.२ टक्के. सहापट वाढ झाली, आणि तरीही चारातले तीन बाहेरच. अभ्यासाच्या रचनेत तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, आधी आणि नंतर अशी दोन सर्वेक्षणं होती. त्यामुळे ‘कार्यक्रमामुळेच वाढ झाली’ असं म्हणताना सावध राहावं लागतं. ही उणीव दाखवणं म्हणजे टीका नव्हे. पुढच्या संशोधकाला जागा इथेच मिळते.

आपल्या जिल्ह्यात काही झालं नाही असं नाही. राज्य सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. त्यात घरापर्यंत जाणारी व्यक्ती म्हणजे आशाताई.

आमच्या काकांपर्यंतही शेवटी आशाताईच पोहोचल्या. त्या काकूंजवळ ओसरीत बसल्या, गोळ्यांचं पाकीट बघितलं, किती उरल्यात ते मोजलं आणि काकांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कॅप्सूल पुन्हा सुरू केली आणि या वेळी कुणीतरी आधीच सांगितलं होतं, महिनाभर धीर धरा, आधी मळमळेल. दुसऱ्या महिन्यात काका वावरात गेले. गुण औषधाचा, ताईंच्या फेऱ्यांचा, की त्या वर्षीच्या बऱ्या पावसाचा, एका माणसावरून मी सांगू शकत नाही. कर्ज मात्र कॅप्सूलनं फिटलेलं नाही, हे काका स्वतःच हसून सांगतात.

तर ज्युनिअर मित्रा, उरलंय काय, याचं माझं उत्तर असं. फ्लुओक्सेटिन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, स्वस्त आहे, त्याची रचना शेंडीपासून शेपटीपर्यंत माहीत आहे. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातून कॅप्सूल घेऊन गेलेल्या माणसांपैकी सहाव्या आठवड्यात किती जण ती घेत असतात? फवारणीच्या दिवसांत किती जण सोडतात? एसटी चुकली, साठा संपला, मळमळलं, की ‘वेड्याची गोळी’ असं कुणी म्हटलं, यातलं कोणतं कारण जास्त? हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वही लागते, नैतिक समितीची परवानगी लागते आणि सहा महिने पायपीट करायची तयारी लागते.

एक सूचना सगळ्यांसाठी. हा लेख वाचून कुणी स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच. स्वतःला किंवा घरातल्या कुणाला त्रास होत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या पोस्टमध्ये नैतिक समितीचा अर्ज कसा भरायचा ते टप्प्याटप्प्यानं बघू. तोपर्यंत तुमच्या विषयाचे पाच प्रश्न एका कागदावर लिहून काढा. पाचवा सुचला नाही, तर एकदा गावाकडे चक्कर मारून या.